चार सुरांचा धनी

"असा सूर या गावात आजवर कुणाच्या बापाला सुचलेला नाही!" ओरिनबासरने दोन तारांचा दोंब्रा मांडीवर घेत बायकोला बजावलं.

"चारच तर सूर आहेत," कुलाश कणीक मळता मळता म्हणाली.

"चार असले तरी माझे आहेत! यातून अख्खी कुय उभी राहील, बघशील तू. शब्द एकही नाही, नुसती धून, पण ऐकणारा रडलाच पाहिजे!"

त्याच संध्याकाळी शेजारचा कुआनिश चहाला आला. तोही दोंब्रा वाजवायचा आणि मेजवान्यांना लोक आधी त्याला बोलवायचे. ओरिनबासरला ते बघवत नसे. त्याला जळवायचं म्हणून ओरिनबासरने ते चार सूर मुद्दाम छेडले.

कुआनिश उडालाच. "आगा, काय सुंदर चीज आहे हो!"

झालं! पाहुण्याने तोंड भरून वाखाणलेली वस्तू त्याला देऊन टाकायची, ही गावची रीत. याच रीतीपायी ओरिनबासरचा एक मेंढा आणि चांगली टोपी गेली होती. पण कौतुकाने छाती फुगली की जीभ कुठली ताब्यात राहते! "आवडली? मग तुझीच समज!" तो बोलून गेला.

कुआनिशने ते चक्क मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे तेच चार सूर वाजू लागले. कधी उलटे चालत, कधी ताणून लांब होत, कधी वरच्या पट्टीत जाऊन खिदळत, तर कधी त्यातले दोनच मागे रेंगाळत. दिलेला मेंढा शेजाऱ्याच्या दारात लठ्ठ होताना बघावा, तसा ओरिनबासरचा जळफळाट झाला.

"अहो, तुम्हीच दिलेत ना?" कुलाश म्हणाली.

"रीत म्हणून दिले! त्याने घ्यायचे कशाला?"

मग त्याला वाटलं, रीत काय एकट्या कुआनिशच्या मालकीची आहे? गावातल्या वयोवृद्ध ऐशा आपाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत कुआनिश वाजवणार होता. भर गावासमोर वाखाणणी करायची, सूर परत मिळवायचे आणि उत्तम वादकाला आपा देणार असलेला जरीचा झगाही आपणच पांघरून घरी यायचं!

मेजवानीत कुआनिशने कुय संपवली तेव्हा म्हातारे डोळे पुसत होते. ओरिनबासर ताडकन उठला. "वा! काय सुंदर चीज आहे!"

कुआनिशचा चेहरा पडला. तरी त्याने आजोबांचा दोंब्रा पुढे केला. "घ्या आगा, तुमचाच!"

"दोंब्रा नको रे!"

लोक कुजबुजले. बिचाऱ्याने टोपी काढून दिली.

"टोपीही नको!"

कुआनिश खाली बसून बूट ओढू लागला.

"अरे, सूर! माझे चार सूर दे!"

"एवढंच होय?" कुआनिशला हायसं वाटलं. "घ्या की! दिले परत!"

"मग वाजव बाबा, ऐकू दे," आपा म्हणाली. झगा तिच्या मांडीवर तयारच होता.

ओरिनबासरने चार सूर वाजवले. पुन्हा वाजवले. मग जोरात वाजवले. कुआनिशच्या हातात ते कुठल्या कुठे जात होते, इथे मात्र हटून बसले! पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी त्याने आणखी एकदा तेच वाजवून ऐटीत हात हवेत उंचावला.

आपाने समाधानाने मान डोलावली.

"छान! जुळल्या तारा. आता कर सुरू!"