पूर्णाधिकारी तात्या

आमच्या तात्यांना कोथिंबीर आणायला सांगितलं, तरी पिशवी हातात धरून ते दारातच विचारतात, "अधिकार किती?"

कोथिंबीर नसेल तर पुदिना घ्यायचा निर्णय तिथल्या तिथे करायचा, की परत येऊन विचारायचं? "नुसता निरोप पोचवतो तो निरोप्या," तात्या समजावतात. "परदरबारी जाऊन जागेवर सही ठोकतो, आणि धन्याला ती पाळावीच लागते, तो पूर्णाधिकारी. मी कोण ते आधी ठरव."

कोर्टातली कारकुनी संपली, पण तिथल्या कुठल्याशा जुन्या कागदात सापडलेला हा शब्द तात्या घरी घेऊन आले. आता वायरमन खांबावर चढला की खालून ओरडतात, "तू पूर्णाधिकारी आहेस, की साहेबाला फोन लावणार?" तो बिचारा वरूनच नमस्कार करतो.

मी शेजारी. त्यामुळे भोग माझ्या वाट्याला जास्त. गेल्या वर्षी खालच्या घरच्या बापूंच्या फणसाची फांदी आमच्या छपरावर आली आणि कौलं फुटायला लागली. बापूंशी माझं जमत नाही, म्हणून तात्यांना म्हटलं, "फांदी तोडायला सांगून या."

"अधिकार किती?"

"सगळे! पूर्ण! जा एकदाचे!"

हा माझा गाढवपणा. तासाभराने तात्या चहा पिऊन, तह करून आले. फांदी तोडायची नाही. बापूंची स्कूटर आमच्या अंगणातून जाणार. त्या फांदीचे फणस आम्हाला, पण त्यातला पहिला तात्यांना, वकिलीबद्दल.

"अहो, मी फांदी तोडायला पाठवलं होतं!"

"मग निरोप्या पाठवायचास मेल्या. आता शब्द गेला."

बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. कौलं मीच बदलली.

चिडून मी गावभर सांगत सुटलो, की हा माणूस साऱ्या आळीचे तह करतो आणि स्वतःच्या मुलीशी याला बोलता येत नाही. सुलूने मनाने लग्न केलं, तात्या लग्नाला गेले नाहीत. ती चिपळुणात, हे इथे, घरात एकटे. दातही उरले नाहीत, आणि कडक गऱ्यांचा कापा फणस मागतात!

परवा मी चिपळूणला निघालो होतो. तात्या गाडीपाशी आले, हातात पोत्यात गुंडाळलेला तो पहिला फणस.

"सुलूकडे जाशील? घरी ये म्हणावं."

इतक्या दिवसांचा सूड समोर चालत आला होता. मी विचारलं, "अधिकार किती, तात्या?"

ते गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"पूर्ण."

"अटी?"

"नाहीत. ती म्हणेल ते कबूल. चूक बापाची म्हणाली, तरी सही कर."

"आणि येणारच नाही म्हणाली तर?"

तात्यांनी फणस मागच्या सीटवर ठेवला, गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पोतं नीट खोचलं.

"तर हा तेवढा दारात ठेवून ये. कापा आहे म्हणावं. बरका तिला लहानपणापासून चालत नाही."