लीलाबाईंच्या वजनाचा उजेड

भाऊबीजेला माहेरी गेलेल्या लीलाबाई तुळशीचं लग्न लागून गेलं तरी परतल्या नाहीत, तेव्हा भगवानरावांच्या दोन गोष्टी बिघडल्या. एक पोट आणि दुसरी स्कूटरची लाईट. पोटाची सोय बाभुळगावच्या खानावळीत झाली. लाईटचं मात्र काही जमेना.

भांडण झालं होतं वातींवरून. तीन वर्षं कापसाने भगवानरावांना रडवलं होतं. अळीने खाल्लं, त्यातून वाचलं ते बाजारात मातीमोल गेलं. म्हणून त्या साली त्यांनी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सगळं रान सोयाबीनखाली घातलं. पेरणीच्या वेळी लीलाबाई म्हणाल्या होत्या, "दोन ओळी कपाशीच्या राहू द्या, वातींपुरत्या." त्यावर भगवानराव कडाडले, "कपाशीचं नाव काढू नको या घरात!" आणि दिवाळीत त्यांनी दुकानातून तयार वातींचं पाकीट आणून बायकोच्या हातावर ठेवलं. ज्या घरात छपराला टेकेल एवढा कापूस रचलेला लीलाबाईंनी पाहिला होता, त्या घरात विकतच्या वाती! त्यांनी दिवे लावले, फराळाचं केलं, चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही. भाऊबीजेला यवतमाळला निघताना उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाल्या, "आता माहंही नाव काढू नका या घरात."

चार दिवसांत राग उतरेल असं भगवानरावांना वाटलं. दहा दिवस झाले. त्यांनी मेव्हण्याकडे दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "ताई आंघोळीले गेली." त्यातला एक फोन रात्री नऊचा होता.

भगवानरावांना भात सोडून काही रांधता येत नव्हतं आणि भातही कधी येई, कधी येत नसे. त्यामुळे रोज सांजेला चार मैलांवरच्या बाभुळगावला खानावळीत जायचं, जेवायचं आणि अंधारात परत यायचं असा त्यांचा नेम सुरू झाला. हिवाळ्याचे दिवस, सातलाच काळोख. त्यात गावोगाव लोडशेडिंग. स्कूटरचा लांबवर उजेड टाकणारा अप्पर केव्हाचाच गेलेला, सगळी भिस्त डिप्परवर. आणि त्या डिप्परचा उजेड एकाएकी पुढच्या चाकाच्या पुढ्यात सांडायला लागला. खड्डा दिसायचा तो खड्ड्यात गेल्यावर. एका सांजेला तर रस्त्यात बसलेली म्हैस त्यांना तिच्या शेपटीला चाक लागलं तेव्हा दिसली. म्हशीने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की भगवानरावांनी तिची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते थेट मोहिउद्दीन मिस्त्रीकडे गेले. मोहिउद्दीनचं गॅरेज बाभुळगावच्या वाटेवर, बंद पडलेल्या जिनिंगसमोर होतं. एके काळी हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग हटत नसे. आता जिनिंगची लांबलचक भिंत रिकामी असायची, आणि मोहिउद्दीनने तिच्यावर गेरूने एक आडवी रेघ ओढली होती. गाडी दहा पावलांवर उभी करायची, लाईट लावायची आणि डिप्परचा उजेड त्या रेघेवर बसेपर्यंत पेच फिरवायचा. साऱ्या तालुक्याच्या गाड्या त्या रेघेवर सरळ झाल्या होत्या.

त्याने भगवानरावांना सीटवर बसवलं, लाईट लावली आणि भिंतीकडे पाहिलं. उजेड रेघेच्या हातभर खाली पडला होता. मोहिउद्दीनने दाढी खाजवली.

"भगवानभाऊ, लाईटले काई झालं नाही."

"मंग म्हैस काहून दिसली नाही मले?"

"वहिनी कुठी हाय?"

"तिचा काय संबंध लाईटशी?"

"पूरा संबंध हाय. दोन साल झाले, ही लाईट मीच लावून देल्ली. वहिनी मागं बसल्या होत्या. मागं वजन असलं का गाडीचं तोंड वर होते, उजेड दूर जाते. वहिनी नाहीत तर तोंड खाली. कई येतेत त्या?"

"येईन. भावाकडं काम निघालं तिले." भगवानराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

मोहिउद्दीन बायको, दोन मुली आणि सासूबरोबर राहत असल्यामुळे अशी कामं कशी निघतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही. पेचकस घेऊन लाईटपाशी बसला. "दोन मिनिटाचं काम हाय. एका माणसापुरती लावून देतो."

पेचकस पेचात बसला आणि भगवानरावांनी त्याचा हात धरला.

"नको."

"काहून?"

"ते आली का मंग उजेड झाडाच्या शेंड्यावर जाईन ना."

"तवा परत फिरवून देईन. पैसे थोडीच मांगतो."

"नको म्हनलं ना बावा. हाय तशी राहू दे."

मोहिउद्दीनने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. साठीच्या माणसाचे डोळे असे ओले होताना पाहू नयेत म्हणून त्याने पेचकस फडक्याने पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. मग म्हणाला, "मंग एकच इलाज. वहिनी येईपर्यंत मागं वजन घेऊन फिरा."

शेजारच्या दुकानातून सरकीच्या ढेपेचं पोतं आलं. तसंही घरच्या म्हशींना लागणारच होतं. ते मागच्या सीटवर उभं बांधलं. उजेड वर सरकला, पण रेघेच्या चार बोटं खाली थांबला.

"वहिनी अंदाजे किती किलोच्या?"

"मी काय काट्यावर चढवली का तिले?" भगवानराव खेकसले.

मोहिउद्दीनने पोत्यात एक वीट टाकली. मग दुसरी. तिसऱ्या विटेला उजेड रेघेवर येऊन बसला. "बस," तो म्हणाला. "ह्या झाल्या वहिनी."

भगवानरावांनी मागे वळून पोत्याकडे पाहिलं आणि त्यांना उगीचच भरून आलं.

त्या सांजेला रस्ता स्वच्छ दिसला. खड्डे दिसले, म्हशी दिसल्या, दूरचा मैलाचा दगडही दिसला. भगवानरावांनी खानावळीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बाहेर येऊन पाहतात तर दोन शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पोतं खात होत्या आणि तिसरी खाली सांडलेलं निपटत होती. त्यांनी आरडाओरडा करून शेळ्या हाकलल्या, पण परतीच्या वाटेवर उजेड पुन्हा आखडला. शेळ्यांनी वहिनींना चांगलंच कमी केलं होतं.

सकाळी त्यांनी पोत्यात ढेप भरली आणि शेळ्यांचं तोंड लागू नये म्हणून गुंडाळायला काही शोधू लागले. घरात गोणपाट असेल, पण ते कुठे असतं हे फक्त लीलाबाईंना माहीत होतं. दोरीवर त्यांचं जुनं हिरवं लुगडं सापडलं. भगवानरावांनी ते पोत्याला नीट गुंडाळलं, सरकू नये म्हणून मधोमध दोरी आवळली आणि उरलेला पदर पोत्याच्या तोंडावरून घेऊन खोचला. आपण काय तयार केलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. म्हशींना पाणी पाजायची घाई होती.

बाबूसिंग बाभुळगाव ते यवतमाळ ॲपे ऑटो चालवायचा आणि भगवानरावांच्याच गावचा असल्यामुळे सांजेला घरी यायचा. पहिल्या दिवशी समोरून जाताना त्याने हात वर केला, "रामराम भाऊ! रामराम वहिनी!" भगवानरावांना वाटलं, तो थट्टा करतोय. त्यांनी मान हलवली. बाबूसिंगला वाटलं, वहिनी आल्या, बरं झालं. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना मागे कोण बसलंय ते कुणाला दिसतं? हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, गप्प बसलेली बाई. रोज हाच रामराम झाला. पाचव्या दिवशी तर बाबूसिंगने घरी सांगितलं, वहिनी अजून रागातच दिसतात, उत्तर म्हणून देत नाहीत.

पुढचं भगवानरावांना नंतर समजलं. सहाव्या दिवशी दिवस कलताना यवतमाळच्या भाजीबाजारात बाबूसिंगच्या ऑटोसमोर प्रत्यक्ष लीलाबाई येऊन उभ्या राहिल्या, हातात मेथीची जुडी.

"वहिनी, तुम्ही इथं?" बाबूसिंग गडबडला. "काल सांजेले तर भाऊच्या मागं पाह्यलं तुमाले."

"मी भाऊबीजेपासून इथंच हावो."

बाबूसिंगला जीभ चावावीशी वाटली, पण शब्द तर सुटून गेला होता.

"कोन व्हती मागं?" लीलाबाईंनी विचारलं.

"मले काय दिसते अंधारात? असंल कोनी पावनी."

"रोज असते?"

"रोज म्हंजे... पाच-सहा दिवस झाले."

"लुगडं कोन्या रंगाचं?"

"हिरवं. काठ लाल."

लीलाबाईंनी मेथीची जुडी तिथेच एका गाईपुढे टाकली. त्यांच्या आवाजाला एकाएकी धार आली. "माहंच लुगडं! चाल, गाडी काढ."

चांगला अंधार पडल्यावर बाबूसिंगचा ऑटो गावाबाहेरच्या पुलाशी थांबला. लीलाबाई उतरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाबूसिंगने ऑटोत बसल्या बसल्या सगळ्या देवांची नावं घेतली.

भगवानराव खानावळीतून परतत होते. डिप्परच्या उजेडात वरचं काही दिसत नाही. पुलाशी आले तेव्हा त्यांना आधी रस्त्यात दोन पावलं दिसली. जरा बाहेर वळलेली, डाव्या अंगठ्याशी चप्पल शिवलेली. मग लुगड्याचे काठ. मग कमरेवर ठेवलेले हात. तोंड दिसायची गरजच पडली नाही. ती पावलं चाळीस वर्षं त्यांच्या अंगणात फिरली होती. त्यांनी ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागची दोरी तुटली आणि हिरवं लुगडं धप्पकन रस्त्यावर पडलं.

"अवं, तू!" भगवानराव हरखून म्हणाले.

लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मागे गेल्या. "ऊठ! तोंड दाखव! दुसऱ्याचं लुगडं नेसाले लाज नाही वाटत?"

लुगडं उठलं नाही.

"मेली का काय ते?" बाबूसिंग घाबरून बॅटरी घेऊन धावला. बॅटरीच्या उजेडात पदर बाजूला झाला आणि पोत्याचं तोंड दिसलं.  मग पोत्यातून एक वीट घरंगळत बाहेर आली.

"हे काय हाय?" लीलाबाईंनी विचारलं.

"ढेप."

"ढेपीले माहं लुगडं काहून?"

"शेळ्या खातेत."

"आन् ढेप गाडीवर काहून मिरवून राह्यले तुम्ही?"

भगवानरावांनी बाबूसिंगकडे पाहिलं. बाबूसिंगला योग्य वेळी बाजूला व्हायची सवय नव्हती. तो बॅटरी धरून तसाच उभा राहिला.

"तू मागं नसली का लाईट खाली पडते," भगवानराव म्हणाले. "दिसतच नाही काई."

"तर मोहिउद्दीनभाऊले सांगाव ना! पेच फिरवाचं तं काम. दोन मिनिटं नाही लागत."

"तो तयारच व्हता. मीच नाही म्हनलं."

"काहून?"

भगवानराव हँडलवरची धूळ पुसत राहिले. "फिरवला असता, तं मले एकट्याले दिसाले लागलं असतं. मले नव्हतं पाह्यजे तसं."

 लीलाबाईंनी वाकून पोतं एका हाताने उचलून पाहिलं. ते हललंसुद्धा नाही.

"इतकी जड हाय मी?"

"मोहिउद्दीननं लावलं वजन. मी नाही."

"आन् विटा?"

"त्याही त्यानंच टाकल्या," भगवानराव घाईने म्हणाले.

बाबूसिंगला हसू आवरेना. लीलाबाईंनी त्याला पोतं ऑटोत टाकायला लावलं, लुगडं झटकून घडी केलं आणि काखेत मारलं. मग त्या स्कूटरच्या मागे बसल्या आणि सवयीप्रमाणे एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. भगवानरावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता मोठ्याने रडावं. त्याऐवजी त्यांनी किक मारली.

गाडी पूल ओलांडून सरळ रस्त्याला लागली. भगवानरावांनी समोर पाहिलं आणि ते चमकले. काल पोत्यासोबत उजेड मैलाच्या दगडापर्यंत जात होता. आज तो वीस पावलांवरच संपत होता. त्यांनी डोळे चोळले. लाईट खटखट वाजवून पाहिली. मग खांद्यावरच्या हाताकडे तिरक्या नजरेने पाहिलं. मनगटावरच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

त्यांनी वेग कमी केला.

"अवं."

"काय?"

"भावाकडं जेवत नव्हती का तू?"

 मागून उत्तर आलं ते अगदी हळू. "जात नव्हतं जेवन." आणि मग लीलाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमाले मात्र खानावळ चांगली मानवली. पोट तं पाहा!"

"घरी कोन होतं?" भगवानराव म्हणाले. "म्हनून तिथंच जेवत बसत होतो."

खांद्यावरचा हात कमरेपाशी आला आणि घट्ट झाला. एरवी लीलाबाई मागे बसल्या की जरा जोरात चालवा, रात्र करता का, असा धोशा लावायच्या. भगवानराव ज्या संथपणे चालले होते, त्या संथपणे ते जन्मात चालले नव्हते. मागचा ऑटोही बिचारा हॉर्न न वाजवता मागेच राहिला. वीस पावलं दिसत होती तेवढंच जायचं, मग पुढची वीस. लीलाबाई काही म्हणाल्या नाहीत.