हंसमहालाचा शोध आणि पांजणीच्या पडवीचे वर्तमान

श्रीचौंडेश्वरी रक्षण करो, लबाडाची जीभ जड करो आणि ऐकणाऱ्यास धीर देवो. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी दक्षिणेकडील एका कोष्ट्यांच्या कसब्यात जो अविचार जाहला, त्याचे वर्तमान ऐसे जे.

कसबा लहान, परंतु ऐट राजधानीची. गादीवर कारभारी राजश्री दौलतराव, आणि पुढील चैत्री गादीची निवड व्हावयाची, म्हणोन त्यांचे चित्ती आले की नगराचे पूर्ववैभव लोकांस स्मरवावे आणि मग ते आम्हीच आणिले ऐसे सांगावे. मग दवंडी पिटविली की ज्याचे घरी वाडवडिलांचे जुने फोटो असतील त्याने ते कचेरीत आणावे, आणि राजधानीहून गुंडोपंत नामे पंडित मोटारीतून आणविले. फोटो बहुत जमले. पंडितांनी भिंग लावून पाहिले तो काय चमत्कार! कोणाचा आजा काठी टेकून उभा, कोणाची पणजी खुर्चीत अवघडून बसलेली, आणि सर्वांचे पाठीशी एकच महाल: पांढऱ्या पायऱ्या, वेलबुट्टीचे खांब, पुढे तळे, तळ्यात हंस. पंडितांस गहिवर आला. म्हणाले, “हा हंसमहाल, नगराचा मुकुटमणी! गेला कोठे?” मग त्यांनी फोटोंतील पायाखालची फरशी निरखिली, आणि तीच फरशी नदीकाठी पांजणीच्या पडवीपुढे सापडली. ही पडवी म्हणजे दगडी खांबांची लांब ओसरी. तेथे कोष्ट्यांच्या बायका सुताचे ताणे पसरतात आणि त्यांस खळ लावून कुंचल्याने विंचरितात आणि वाळवितात, ऐसा पिढीजाद रिवाज. पंडितांनी निवाडा दिला की महाल येथेच होता, कोणा अडाण्यांनी तो पाडून पडवी उठविली, सबब पडवी जमीनदोस्त करून महाल पूर्ववत बांधावा. आणि मग हुकूम सुटला आणि सोंडेस दातेरी खोरे ऐसा पिवळा यंत्रगज नदीकाठी आणोन उभा केला.

पडवीत सत्ता मातुश्री चंद्राक्का लकडे यांची. वय पंचाहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडण होईतो. त्यांची सून शेवंता धापा टाकीत आली आणि बोलिली, “आत्याबाई, पडवी पाडायलेत! हितं म्हणं महाल हुता.”

“कुणाचा? तुझ्या बापाचा?” ऐसे बोलोन मातुश्रींनी कुंचला टाकिला, आणि कोपरापावेतो खळ वाळलेली, तशाच कचेरीत चालत्या जाहल्या. तेथे कारभारी, पंडित आणि कसब्यातील थोर मंडळी मसलतीस बसली होती. मातुश्रींनी टेबलावरील फोटो पाहिले मात्र, कपाळास हात लाविला.

“दौलू, आरं ह्यो महाल कापडाचा हाय! माझ्या सासूनं विणला. फोटूवाल्यानं त्या पडद्यावर महाल रंगवला, आणि जत्रंला आला की त्यो आमच्या पडवीच्या खांबांना बांधायचा. उजेड तिथंच बरा पडतो म्हणून.”

“आजीबाई, पुरावा?” पंडितांनी पुसिले.

“डोळं फुटल्यात काय वो? ह्या दौलूच्याच आज्याच्या फोटूत बघा की, महालाला सुरकुती पडलीया. दगडाला कधी सुरकुती पडत्या?”

पंडितांनी भिंग लाविले. “भूकंपाचा धक्का बसला असावा.”

“आणि ह्यो हंस? समद्या फोटूंत एकाच जागी. खिळा ठोकलाय व्हय त्याला?”

“सातत्य,” ऐसे पंडित बोलिले आणि टिपून घेतले.

मग मातुश्रींनी थोर मंडळींकडे पाहिले. त्यांतील निम्म्यांनी तो पडदा बालपणी डोळ्यांनी पाहिला होता. परंतु एकही बोलेना. कारण सोयरीक जुळविताना ज्याने त्याने पाव्हण्यांस फोटो दाखवून, आमचे आजोबा महालात ऊठबस करीत, ऐसे सांगितले होते. सगळे आपापल्या चहाकडे पाहों लागले. कारभारी म्हणाले, “आक्का, तुमचं वय झालं. घरी जावा.”

मातुश्री पडवीत परतल्या आणि खांबास टेकून बसल्या. शेवंता म्हणाली, “आत्याबाई, पडवीचाच एखादा फोटू घावला तर?”

“पडवीचा कोण काढतंय गं? समदी हिच्याकडं पाठ करूनच उभी ऱ्हायली. लगीन झालं त्या वरसाच्या जत्रंत मीसुद्धा. मला त्यो हंस लई आवडला हुता.” आणि मग त्या उगी राहिल्या. ही गोष्ट इतकी अपूर्व की शेवंतेने घाबरून पाण्याचा तांब्या आणिला. मातुश्रींनी पाणी घेतले आणि पदर खोचिला आणि पुन्हा दौलतरावांकडे गेल्या. या खेपेस पंडित जेवावयास गेल्याची खातरजमा करून.

“दौलू, महाल बांधायला किती वरसं?”

“तीन तरी, आक्का.”

“आणि निवड चैत्रात. मग तवर काय ढिगाऱ्यावर उभं ऱ्हाऊन मतं मागणार?”

कारभाऱ्यांचा चेहरा खळ दिल्यासारखा ताठ जाहला. इतका विचार दरबारी कोणी केला नव्हता.

“निवडीआधी जत्रा हाय, तवर महाल मी देते. हंसासकट. त्यो पिवळा रेडा आजच्या आज माघारी धाड.”

मग यंत्रगज गटारे खणावयास गेला, आणि मातुश्रींनी सुनांस व शेजारणींस मागावर बसविले आणि भलामोठा पडदा विणविला. मालमोटारींच्या पाठी मोर रंगविणारा दस्तगीर यास बोलाविले. त्याने पुसिले, “आक्का, हंस एक काढू का दोन?” मातुश्री म्हणाल्या, “दोन काढ. त्या पंडिताला नवा शोध लागू दे.”

जत्रेचे दिवशी पडदा पडवीच्या खांबांस बांधिला. वाजंत्री वाजली आणि दौलतराव फेटा बांधोन महालापुढे उभे राहिले. पडद्याआड बायकांचे काम चालूच होते, कारण खळ लागलेला ताणा कोणाच्या जत्रेसाठी थांबत नाही. फोटोवाल्याने “हसा” म्हटले, आणि तोच नदीवरून वावटळ आली आणि महाल हंसांसह अर्धा उडोन वर गेला. मागे उघडी पडवी, ओळीने बायका, हाती कुंचले, आणि मध्ये चंद्राक्का, ताण्यावर धूळ बसली म्हणोन वाऱ्यास शिव्या घालीत. फोटो तोच निघाला. दौलतरावांचे हास्य त्यात ऐसे उमटले की दुसऱ्याची गरज न लगे, म्हणोन तोच मोठा करून चावडीवर लाविला आणि खाली पंडितांनी मजकूर लिहिला. मातुश्री पाहावयास गेल्या. शेवंतेने वाचिले, “जीर्णोद्धारित हंसमहाल. मध्यभागी कारभारी. मागे महालातील दासी.”

“काय लिवलंय? पुन्ना वाच.”

शेवंतेने हळू आवाजात पुन्हा वाचिले. मातुश्रींचे ओठ हलले, मूठ वळली, आणि जमलेले लोक दोन पावले मागे सरले. परंतु त्या फोटोजवळ गेल्या आणि बोट लावून पाहों लागल्या. “खांब दिसत्यात का गं आपलं?”

“दिसत्यात की. चार चांगलं दिसत्यात.”

“मग असू दे. दासी तर दासी. चल, ताणा वाळून चाललाय.”

एकूण वर्तमान ऐसे: महाल नव्हता तो जाहला, पडवी होती ती राहिली, पंडितांस शाल मिळाली आणि दौलतराव गादीवर कायम जाहले. यापरते लिहिणारास ठाऊक नाही, आणि असते तरी ऐकतो कोण.