पानसे काकांची बगी डावीकडे ओढते

पानसे काका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या चपला बघतात. दारात काढून ठेवलेली चप्पल उचलायची, उलटी करायची, तळावरून अंगठा फिरवायचा आणि निदान सांगायचं, ही त्यांची पाहुण्याचं स्वागत करण्याची रीत. सोसायटीचे चेअरमन एकदा गच्चीवरच्या गळक्या टाकीबद्दल बोलायला आले. काकांनी त्यांची चप्पल हातात घेतली आणि म्हणाले, "उजवी टाच बाहेरून झिजलीय. टाकीचं राहू द्या, आधी स्वतःची चाकं सरळ करा." तेव्हापासून चेअरमन त्यांच्याशी उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलतात. पायात चप्पल ठेवून.

माझ्या चपला पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज जरा उतरला. "मागून झिजल्यात. वजन मागे टाकून चालताय तुम्ही. दमता का हो फार?"

दमत होतो. ते दिवसच तसे होते. पुण्यात रोज नवी कंपनी निघत होती आणि प्रत्येक कंपनीला सगळं कालच हवं असायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांनाच नम्रपणे कळवायच्या. त्या दुरुस्त झाल्या असं ते सांगायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुका पुन्हा समोर हजर. घरी आलो की जिना चढायचाही कंटाळा यायचा.

मी मूळचा वाशीमकडचा. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते मी कोणापासून लपवत नाही. कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं जागा घेतली तेव्हा सामान लावायच्या आधी दारावर पाटी लावली: इंगळे, बी. ई. भाड्याच्या जागेला पाटी कशाला, असं घरमालकानं विचारलं. मी म्हटलं, जागा तुमची आहे, डिग्री माझी आहे. बाबा पहिल्यांदा पुण्याला आले तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी खिशातला रुमाल काढून ती पाटी पुसली. तिच्यावर धूळ नव्हती.

त्याच पाटीनं माझा घात केला. तळमजल्यावरचे पानसे काका एका रविवारी सकाळी जिना चढून वर आले, पाटी वाचली आणि बेल दाबली.

"हे बी. ई. तुम्हीच का?"

"हो."

"मग खाली या."

"काका, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे."

"असेनात का. स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो, एवढं शिकवतात ना? की ते ऑप्शनला टाकलं होतं?"

खाली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर हातभर लांबीची एक गाडी पोट उघडं टाकून पडली होती. रिमोटवर चालणारी, शर्यतीची. काका तिला बगी म्हणतात. मागची दोन चाकं ढकलणार, पुढची दोन फक्त वळणार. चारही चाकांना जोर असलेली गाडी मिळते, आणि ती चालवायला सोपी असते, हे मला पुढे कळलं. मी तसं सुचवलंही. काका म्हणाले, "चारही चाकं ओढतात ती गाडी कोणीही चालवेल, इंजिनिअर. तुम्हीसुद्धा."

काका चिंचवडच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होते. उदारीकरण आलं, कारखान्याला नवे मालक मिळाले आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कोणाची ते विचारू नका," असं ते सांगतात. त्याच सुमारास त्यांच्या जावयानं परदेशातून येताना सासऱ्यांसाठी एक खोकं आणलं. आत तयार गाडी असेल असं सगळ्यांना वाटलं होतं, निघाले सुटे भाग. जावयाला वाटलं आपण फसलो. काकांना वाटलं आपल्याला पुन्हा कामावर घेतलं.

गाडी जोडून झाली तशी ती सुधारायला घेतली. प्लॅस्टिकचे बुश काढून स्टीलचे बेअरिंग घातले. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये कधी पातळ तेल, कधी घट्ट. मागच्या चाकांवर वजन कमी पडतं म्हणून टायरवाल्याकडून शिशाच्या पट्ट्या आणून चिकटवल्या, आणि पुढं किती, मागं किती हे तोलायला काकूंचा लाडवाचा काटा घेतला. मग टेबलापासून वीतभर उंचीवरून बगी सोडायची, ती बसते कशी ते बघायचं आणि मान हलवायची. "सेटिंग व्हायचंय अजून." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की ऑफिसात कोणी प्रोजेक्ट कधी संपणार विचारलं तर माझ्याही तोंडून तेच निघायचं.

दर रविवारी सकाळी आमची वरात सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर निघायची. तिथं मुरुमाचं ग्राउंड होतं. काका रिमोट घेऊन विटांच्या ढिगावर उभे राहत. माझं काम उलटी पडलेली बगी सरळ करायचं. घराण्यातला पहिला पदवीधर दर रविवारी खेळण्यामागं वाकून वाकून धावतो, हे मी गावाकडं कधी कळवलं नाही.

शर्यतीला म्हणून आम्ही एकदाच गेलो. वारज्याच्या पुढं एका मैदानावर काही तरुण मुलं अशाच गाड्या पळवायची. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोचल्यावर त्यांनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली, तळहातावर चोळली आणि फुंकली.

"कोरडी आहे. आपले टायर ओल्या मातीचे."

"मग बदलू की. पिशवीत आहेत."

"टायर बदलले की स्प्रिंग बदलावी लागते. स्प्रिंग बदलली की तेल. चला."

आम्ही रिक्षानं परत आलो. एक बगी, दोन माणसं आणि एक इस्त्रीचा शर्ट.

या सगळ्यात काकू कुठं, असं तुम्ही विचाराल. काकू बेंगळुरूला लेकीकडं. बाळंतपणासाठी म्हणून गेल्या, आणि ते बाळ आता शाळेत जायला लागलं. लेक आणि जावई दोघंही आयटीत, त्यामुळं काकूंना तिथून सुट्टी नाही. काकाही एकदा गेले होते. पंधरवडाभर राहायचं म्हणून गेले आणि आठवड्याच्या आत परत आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चांगलं आहे हो घर. तिथं सगळं आधीच सेट आहे." आणि बगीचं मागचं चाक काढायला लागले.

आता त्या डावीकडच्या रोगाबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. बगी डावीकडे ओढायची. सरळ सोडली तरी हळूहळू डावीकडे जाऊन कुंपणाला धडकायची. "पुण्यात डाव्या बाजूनं जाणारं हे एकच वाहन," असं काका म्हणत. दोष कुठं ते लवकरच कळलं. पुढच्या चाकांचा रोख एका बारीक दांडीवर ठरतो, आणि त्या दांडीवरचा नट सैल व्हायचा. आम्ही रोख नीट करायचो, नट आवळायचो, बगी सुतासारखी सरळ जायची. पुढच्या रविवारी पुन्हा डावीकडे. मला ही तऱ्हा ओळखीची होती. बंद केलेला दोष आठवडाभरानं पुन्हा उघडतो, हेच माझं ऑफिस.

मी कदाचित हा दोष असाच चालू दिला असता, पण आमच्या कंपनीनं बिऱ्हाड हिंजवडीला हलवलं. जाण्यायेण्यात जीव निघायला लागला. मी वाकडला जागा बघितली आणि ठरवून टाकलं. एवढी बगी एकदा कायमची सरळ करून द्यायची, आणि मग काकांना सांगायचं की आता माझं काम संपलं, रविवारी मला झोपायचंय. अर्धवट काम सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.

म्हणून त्या रविवारी नट आवळल्यावर मी खिशातून ऑफिसची व्हाइटनरची बाटली काढली आणि नटावरून दांडीवर एक पांढरी रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. काका चष्म्यावरून बघत होते.

"हे काय?"

"खूण. नट आपोआप फिरतो की नाही ते कळेल."

"बरं," काका म्हणाले. एवढंच.

पुढच्या रविवारी मी गेलो तो निरोपाचं वाक्य पाठ करूनच. काका स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मी बगी उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीवर सोडली. ती गुपचूप डावीकडे गेली आणि चेअरमनच्या स्कूटरला लागली.

मी तिला आत आणली, टेबलावर उलटी केली आणि नट बघितला. पांढरी रेघ अखंड होती.

रेघ अखंड आणि रोख बिघडलेला, असं होऊ शकत नाही. मी खिडकीशी जाऊन उजेडात पुन्हा बघितलं. माझा हात चित्रकलेत कधी चालला नाही. मी ओढलेली रेघ वाकडी होती आणि तिच्या टोकाला एक थेंब साचला होता. ही रेघ पट्टीनं आखल्यासारखी होती. बारीक कुंचल्यानं काढलेली, दोन्ही टोकांना सारखी. आयुष्यभर प्लॅनिंग खात्यात तक्ते आखलेल्या माणसाला वाकडी रेघ काढता आली नव्हती.

मागच्या रविवारी मी पुसून ठेवलेल्या टायरला मातीचा कण नव्हता. बगी आठवडाभर घराबाहेर गेली नव्हती.

"साखर किती घालू?" स्वयंपाकघरातून काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. दर रविवारी तेच साखर घालायचे.

"नेहमीएवढी," मी म्हटलं.

दाराशी माझ्या चपलांशेजारी त्यांच्या, पट्टे विटलेल्या जुन्या चपला होत्या. मी त्यातली एक उचलून उलटी केली. तिचे मालक माझ्याच चपलेचा तळ इतक्या वेळा बघत आले होते, पण त्यांचा तळ मी कधी बघितला नव्हता. दुकानातल्या चपलेसारखी नक्षी होती त्याच्यावर, जवळजवळ कोरी. मी ती होती तशी ठेवली आणि टेबलाशी येऊन बसलो.

काका कप घेऊन आले. बगीकडं न बघता म्हणाले, "काय इंजिनिअर, सापडलं का काही?"

"नाही. नट शाबूत आहे."

"मग?"

"मला वाटतं मागची स्प्रिंग मऊ पडतेय. त्यानं पुढची चाकं हलकी होतात, म्हणून ओढत असेल." यातला एकही शब्द मी कुठं शिकलो नव्हतो. "आज काही होत नाही ते. पुढच्या रविवारी बघू."

काकांनी चहाचा एक घोट घेतला.

"वाकडहून येणार?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. वॉचमननं सांगितलं असणार.

"बस आहे की."

"रविवारी त्या बसचं काही खरं नसतं."

"मग जरा उशीर होईल, काका. पण सेटिंग व्हायचंय अजून. आता मधेच सोडून कसं चालेल?"

काकांनी कप खाली ठेवला. त्यांनी पाना घेतला आणि मी न सांगता तो नट सोडवून, रोख नीट करून, पुन्हा आवळला. पांढरी रेघ मधोमध तुटली. आम्ही दोघांनी ती बघितली आणि दोघंही चहा प्यायला लागलो.

निघताना ते दारापर्यंत आले. माझी चप्पल उचलली, उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला.

"पातळ झालाय तळ," ते म्हणाले. "बसस्टॉपपासून इथवर चालत यायचं, तर रविवारच्या आत नव्या घ्या."