फुटबॉलशी संबंधित एकूण अटक : एक

शनिवारी भर दुपारी शहरात फुटबॉलशी संबंधित एक अटक झाली. अटक झालेल्या गृहस्थांना चेंडू गोल असतो यापलीकडे फुटबॉलची काहीही माहिती नव्हती आणि त्या दिवशी मैदानावर सामनाही नव्हता. परंतु या दोन्ही बाबी तांत्रिक स्वरूपाच्या असल्याने कारवाईत त्यांचा अडथळा आला नाही.

हे गृहस्थ कवळ्या तयार करायचे. दंतवैद्य रुग्णांच्या जबड्याची मापं पाठवायचे आणि हे स्टेडियमच्या तीन नंबर गेटासमोरच्या आपल्या छोट्याशा कारखान्यात बसून मेणात एकेक दात रोवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. सगळे त्यांना दातवाले म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या जबड्यात काढलं होतं आणि त्यात ते सुखी होते. समोरच्या स्टेडियमात आरडाओरडा सुरू झाला की ते खिडकी लावून घेत. त्यांचा आणि फुटबॉलचा एवढाच काय तो व्यवहार.

त्या शनिवारी मैदानाखालची पाइपलाइन फुटून गुडघाभर पाणी साचलं होतं, म्हणून सामना पुढे ढकलला होता. ही गोष्ट खेळाडूंना कळली, प्रेक्षकांना कळली, झेंडे विकणाऱ्यांनाही कळली. पोलिसांना मात्र लेखी कळवायचं राहून गेलं. त्यामुळे बंदोबस्त चोख लागला. रिकाम्या मैदानाभोवती शिपाई खांद्याला खांदा लावून उभे होते, घोडे होते, पाण्याचा बंब होता, आणि कुणीतरी चाल करून येईल या आशेने सगळे सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून होते. तेवढ्यात दातवाले हातात पिशवी घेऊन बाहेर पडले.

"आज तर मॅच नाहीये ना?" त्यांनी सहज विचारलं.

बंदोबस्ताचे साहेब गर्रकन वळले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मैदानात पाणी आहे. खिडकीतून दिसतंय की."

"म्हणजे मैदानावर नजर ठेवून आहात." साहेबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच तजेला आला. "पिशवीत काय?"

"दात."

"कोणाचे?"

"वेगवेगळ्या लोकांचे."

पिशवी उघडण्यात आली. आत डबे होते आणि डब्यांत कवळ्या. साहेबांनी त्या जीपच्या बॉनेटवर ओळीने मांडून दोनदा मोजल्या.

"अकरा," ते म्हणाले. "म्हणजे एक अख्खा संघ. समोरच्या संघाचे कुठे ठेवलेत?"

"अहो साहेब, आजच पोचवायच्यात. माणसं वाट बघतायत."

"कसली?"

"जेवायची."

यावर साहेबांनी फक्त मान डोलावली. असली उडवाउडवीची उत्तरं त्यांनी पुष्कळ ऐकली होती.

संध्याकाळी दातवाल्यांना सोडलं, पण हातात आदेश देऊन. आदेशानुसार ते 'फुटबॉल उपद्रवी, वर्ग ब' ठरले होते. वर्ग अ मध्ये कोण असतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा ज्यांना फुटबॉल कळतो ते, असं सांगण्यात आलं. सामन्याच्या दिवशी, तयारीसाठी आदल्या दिवशी आणि शांतता पूर्ववत व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेडियमच्या एक किलोमीटरच्या आत फिरकायचं नव्हतं. सामने आठवड्यातून दोनदा होत. उरलेल्या एका दिवशी सराव असे, आणि सराव हा सामन्याचाच भाग असल्याचं आदेशात तळटीप देऊन स्पष्ट केलं होतं. थोडक्यात, कारखान्याला टाळं लागलं. कवळ्या मुद्देमाल म्हणून जमा झाल्या.

"भावोजी, तुमचंच काहीतरी चुकलं असणार," मेहुणा म्हणाला. मेहुणा फुटबॉलचा हाडाचा भक्त. मागच्या हंगामात त्याने पंचांच्या निर्णयाचा निषेध म्हणून स्टेडियममधली खुर्ची मुळासकट उपटली होती आणि फेकायला जड वाटली म्हणून घरी आणली होती. तो आत्ताही त्याच खुर्चीवर बसला होता. तिच्या पाठीवर आसनक्रमांक अजून शाबूत होता. "मी इतकी वर्षं जातोय, मला कोणी हात लावला का कधी?"

"यांना मी हजारदा सांगितलं, जाता-येता कोणाशी बोलू नका म्हणून," दातवाल्यांची बायको म्हणाली. "पण नाही. चौकशा करायच्या."

"ताई, आता चौकशीच करायची. लेखी." मेहुण्याने खुर्ची पुढे सरकवली. "माहितीचा कायदा कशाला आहे? अर्ज टाका. या अटकेचा फुटबॉलशी संबंध काय ते दाखवा म्हणावं. दाखवता आला नाही की बंदी उठलीच समजा."

दातवाल्यांना हे पटलं. ज्यांच्या हातून कधी कुणाच्या हिरडीला बोचेल असा दात बसला नाही, अशा माणसाचा नेमकेपणावर फार विश्वास असतो. त्यांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला : गेल्या वर्षभरात फुटबॉलशी संबंधित किती अटका झाल्या आणि प्रत्येक अटकेचा फुटबॉलशी काय संबंध होता?

उत्तर मुदतीत आलं. 'एकूण अटक : एक. संबंध : फुटबॉलशी.'

त्यांनी दुसरा अर्ज केला. फुटबॉलशी संबंधित अटक म्हणजे काय? उत्तर आलं, 'जी अटक पोलिसांच्या फुटबॉल कक्षाने केली ती.' तिसऱ्या अर्जात त्यांनी विचारलं की त्या शनिवारी सामना झाला होता का. उत्तर सविस्तर होतं. 'हे कार्यालय झालेल्या सामन्यांची माहिती ठेवते. न झालेल्या सामन्यांची संख्या अगणित असल्याने ती माहिती संकलित करणे शक्य नाही.' शेवटी हताश होऊन त्यांनी निदान कवळ्या कुठे आहेत एवढं तरी विचारलं. त्यावर, दात ही संबंधित व्यक्तींची खासगी बाब असून ती त्रयस्थाला उघड करता येत नाही, असं कळवण्यात आलं.

इकडे अकरा घरांत खिमटासारखं मऊ करून जेवण चाललं होतं. गाणं शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंचा रोज सकाळी फोन यायचा. "माझ्या तोंडाचं काय झालं?" एवढंच त्या विचारायच्या, आणि त्यातलंही निम्मं हवेत जायचं. दातवाल्यांना त्या आवाजाने अगदी कानकोंडं व्हायला होई. त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काम करून पाहिलं, पण प्लास्टर कणकेच्या डब्यात गेलं आणि बायकोने संसार की जबडे ते एकदाचं ठरवा म्हणून सांगितलं. दंतवैद्य हळूहळू दुसरीकडे मापं पाठवू लागले. असंच चाललं तर वर्ष संपायच्या आत कारखाना बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग दातवाले स्वतःच फुटबॉल कक्षाच्या कार्यालयात गेले. कार्यालय स्टेडियमपासून दूर होतं, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. माहिती अधिकारी बाईंनी नाव ऐकलं आणि त्या चक्क उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हीच का ते?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली. "अहो, बाहेर या सगळे! आपले आलेत!"

आतून माणसं येतच राहिली. गर्दीचे अभ्यासक आले, घोषणांचे अर्थ लावणारे आले, घोड्यांचे डॉक्टर आले. सगळ्यांनी दातवाल्यांकडे लग्नाच्या मुलाकडे बघावं तसं कौतुकाने पाहिलं. कोणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"बाई, माझा फुटबॉलशी काही संबंध नाही हो," दातवाले काकुळतीला येऊन म्हणाले.

"नव्हता," बाई मायेने म्हणाल्या. "पण आता तुमचे चार अर्ज आहेत. अख्ख्या शहरात फुटबॉलबद्दल एवढी आस्था दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही. आम्हाला व्याख्या वाढवावी लागली. फुटबॉलच्या अटकेत जो विनाकारण रस घेतो तोही आता संबंधितच."

"विनाकारण? ती अटक माझीच आहे!"

"तेच तर. कुठूनही पाहिलं तरी संबंध लागतोच." बाईंनी आवाज खाली आणला. "अहो, जरा समजून घ्या. त्याआधीच्या वर्षी आमचा आकडा शून्य होता. वरून विचारणा आली, शून्य का? काम करत नाही का? बरं, काम केलं म्हणून शून्य झाला म्हणावं, तर मग आता कक्ष कशाला हवा? दोन्हीकडून आमचीच मान अडकते. तुम्ही आलात आणि एवढ्या लोकांच्या चुली चालू राहिल्या."

"आणि माझी?"

बाईंना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी त्यांना अपिलाचा नमुना दिला आणि तो भरायला स्वतःचं पेन दिलं.

अपिलाची तारीख लागेपर्यंत एका वर्तमानपत्राने तीच माहिती मागवली आणि तिचं शास्त्रशुद्ध विश्लेषण छापलं. फुटबॉलशी संबंधित अटकांमधील शंभर टक्के आरोपींजवळ दात सापडले होते. शंभर टक्के आरोपी चष्मा लावत होते. आरोपींचं सरासरी वय अठ्ठावन्न होतं आणि एकजात सगळे दंतव्यवसायातले होते. टीव्हीवर चर्चा झडल्या. आपली प्रौढ पिढी कुठे चालली आहे, असं एका मानसतज्ज्ञाने विचारलं. दंतवैद्यांच्या संघटनेने पत्रक काढून अशा प्रवृत्तींना व्यवसायात थारा नसल्याचं जाहीर केलं आणि दातवाल्यांकडे येणारं शेवटचं मापही बंद झालं. गायनाच्या बाईंचाही फोन आला. "उगाच कोणी पकडत नाही," असं त्या म्हणाल्या असाव्यात.

सरकार झोपलेलं नव्हतं. पुढच्याच सामन्यापासून गेटावर प्रेक्षकांना आ करायला लावण्यात आलं. ज्यांच्या कवळ्या होत्या त्यांनी त्या काउंटरवर जमा करायच्या आणि टोकन घ्यायचं. सामना सुटल्यावर काउंटरपाशी झुंबड उडाली. बरेच आजोबा एकमेकांचे दात लावून घरी गेले आणि ताटावर बसल्यावर घोटाळा लक्षात आला. त्या धक्काबुक्कीत जे पकडले गेले त्यांची नोंद 'दंतविषयक अटक' म्हणून आरोग्य खात्याकडे गेली. फुटबॉल कक्षाचा आकडा एकचा एकच राहिला.

अखेर अपील सुनावणीला आलं. अपील अधिकारी वयस्कर आणि सज्जन होते. त्यांनी सगळे कागद पहिल्यापासून वाचले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "हा उघडउघड अन्याय आहे. या माणसाचा फुटबॉलशी काडीचाही संबंध नाही."

शेजारी बसलेल्या बायकोने दातवाल्यांचा हात धरला.

"अर्जदाराचं नाव वगळण्यात यावं," अधिकारी पुढे म्हणाले. "बंदी उठवावी, मुद्देमाल परत करावा. मात्र एक हा आकडा प्रसिद्ध झालेला आहे, विधिमंडळात वाचलेला आहे. त्यात बदल करता येणार नाही. सबब, त्या एका जागी दुसरं नाव भरावं. नाव अर्जदारानेच सुचवावं, म्हणजे पुन्हा कोणाची तक्रार नको."

शिपायाने कोरा कागद आणून समोर ठेवला. दातवाल्यांची नजर नकळत मागे बसलेल्या मेहुण्याकडे गेली.

"माझ्या भावाचं नाव लिहाल तर याद राखा," बायको हात न सोडता पुटपुटली.

दातवाल्यांनी पेन उचललं. त्यांनी शेजारी आठवून पाहिले, गिऱ्हाइकं आठवून पाहिली. प्रत्येकाचा जबडा त्यांच्या डोळ्यांसमोर येई आणि पेन थांबे. माणूस मुळात चांगला होता, त्याला कोण काय करणार? शेवटी माहिती अधिकारी बाई त्यांच्याजवळ येऊन वाकल्या.

"ओळखीचं माणूस जड जात असेल, तर अनोळखी द्या," त्या कुजबुजल्या. "अनोळखी माणसाचं कोणाला काही वाटत नाही. तुमचं वाटलं का कोणाला?"

"पण अनोळख्याचं नाव मला कसं माहीत असणार?"

"वर्णन चालेल. नाव आम्ही शोधू."

दातवाल्यांनी डोळे मिटून कारखाना आठवला, खिडकीखालचं ते टेबल, घासायची मोटर, मेणाचा वास. मग त्यांनी एका दमात लिहून टाकलं आणि कागद उलटा करून दिला.

सोमवारी तीन नंबर गेटासमोरचं शटर वर गेलं. अकरा कवळ्या अकरा घरी पोचल्या आणि संध्याकाळी गायनाच्या बाईंनी फोनवर स्वच्छ सूर लावून दाखवला. दातवाले खिडकी लावून घेऊन रडले.

त्यांना बोल लावू नका. तुमचं त्यांनी काही मुद्दाम वाईट केलेलं नाही, तुमचं नाव तर त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यांनी फक्त वर्णन लिहिलं : 'शिकलेली व्यक्ती. स्वतःचा काही संबंध नसताना हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. एका माणसाचा धंदा बसत असताना अधूनमधून हसली. कोठेही काही विचारले नाही.' पोलीस सध्या या वर्णनावरून शोध घेत आहेत. वर्णन आपल्याशी जुळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माहितीसाठी लेखी अर्ज करावा.