एक धडधाकट इमारत

देशात अपंग किती, हे जाणण्याचा सर्वांत शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला विचारणे. मोठं माणूस स्वतःच्या घराबद्दल वाईट बोलत नाही, त्यामुळे आकडा आटोक्यात राहतो. (अपंगांना हल्ली दिव्यांग म्हणतात. म्हणजे निम्मं काम आधीच उरकलेलं आहे.)

लखनौच्या जानकीपुरममध्ये एका चार मजली सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या मोहित्यांकडे हे मोठं माणूस म्हणजे सरलाबाई. शिक्षण चौथी, तीही अर्धी. पण रेल्वेतला इंजिनियर मुलगा आणि एम.एस्सी. सून त्यांना विचारल्याशिवाय कुकर लावत नसत. गुडघ्यांपायी सरलाबाईंनी गेली दिवाळी आणि त्याआधीचीही वरूनच बघितली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. अपंगांच्या सर्वेक्षणात इमारतीत जिन्याची अडचण असलेली तीन माणसं निघाली तर लिफ्ट मंजूर, असा आदेश मात्र आला होता. सून सुचित्राने तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"वाचून काय दाखवतेस? मला डोळे आहेत," सरलाबाई म्हणाल्या. (सुनेच्या हातून घेतलेला कागद त्यांनी उलटा धरला होता.)

मोजणीला निशातगंजच्या शाळेतल्या रिज़वाना मॅडम आल्या. तीन मजले चढल्यामुळे पहिला प्रश्न त्यांनी पाणी पिऊन विचारला.

"अम्माजी, देखने में कोई दिक्कत?"

"हमको सब दिखता है. तुम्हारा दुपट्टा फटा है, वो भी दिखता है."

ती जाळीची नक्षी होती. मॅडमनी मोबाइलवर 'अडचण नाही' दाबलं.

"और बाबूजी को सुनने में?"

बाबूजी, म्हणजे सरलाबाईंचे यजमान शरदराव, समोरच बसले होते. दारावरची बेल त्यांच्या कानावर पडून बरीच वर्षं झाली होती.

"सुनाई देता है. सुनते नहीं, वो अलग बात है. लग्नापासून तसंच आहे."

शरदरावांनी कोणी न विचारलेल्या चहाला नको म्हणून मान हलवली.

स्मरणशक्तीच्या प्रश्नावर सरलाबाईंनी नणंदेने लग्नात केलेला आहेर किमतीसकट सांगायला घेतला. मॅडमनी ब्लाउजपीसपाशीच 'अडचण नाही' दाबलं.

"सीढ़ियाँ उतरने-चढ़ने में?"

सुचित्रा खोकली. "आई, लिफ्टचं बघा ना."

"तू वेदिकाचं बघ. स्थळ आलंय तुझ्या पोरीला. गुडघे घराण्यातले आहेत म्हणून कळलं म्हणजे?" मग मॅडमकडे वळून त्या म्हणाल्या, "हमको उतरनाच नहीं है, तो दिक्कत काहे की?"

सर्वेक्षणाच्या नियमावलीत 'उतरायचंच नाही' असा पर्याय नव्हता, म्हणून मॅडमनी 'अडचण नाही' दाबलं.

"दिक्कत देखना है तो सामने जाव," सरलाबाईंनी देशहिताची माहिती दिली. "मिश्राइन जिन्यात बसत बसत चढती है."

समोरच्या मिश्रांच्या पत्नी, म्हणजे मिश्राइन, ठणठणीत निघाल्या. पण वरच्या कर्नलसाहेबांचा पाय बघवत नाही, म्हणाल्या. कर्नलसाहेब एकदम फिट होते. मात्र खालच्या मोहितेअम्मांची त्यांना फार काळजी वाटत होती. अशा रीतीने इमारतीतल्या प्रत्येक अपंगाची सगळ्यांना खडान्‌खडा माहिती होती, फक्त त्याच्या घरी नव्हती. (शेजाऱ्याची अडचण नोंदवता येत नाही. येत असती तर देशात माणसांपेक्षा अपंग जास्त झाले असते.)

इमारतीचा आकडा शून्य आला. लिफ्ट नामंजूर झाली, सोबत अभिनंदनाचं पत्र आलं.

पुढच्याच रविवारी मुलाकडचे वेदिकाला बघायला आले. मुलगा हवाई दलात, घरचे कोल्हापूरचे. सगळे वर आले. मुलाची आजी तेवढी खाली गाडीतच बसली.

"आईंना जिन्याची काही अडचण नाही हं," मुलाची आई म्हणाली. "गाडीत एसी बरा वाटतो त्यांना."

सरलाबाई गॅलरीत गेल्या. खाली गाडीची काच उतरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरलाबाईंनी फोन लावला.

"या की वर."

"तुम्हीच या की खाली."

"मी आले असते हो, पण आमच्यात मुलीकडच्यांनी आधी उतरायचं नसतं."

"आमच्यात मुलाकडच्यांनी आधी चढायचं नसतं."

प्रथांची इतकी जुळणी क्वचित होते. लग्न तिथेच ठरलं. दोन्ही घरं निरोगी असल्याचं दोघींनी एकमेकींना फोनवर सांगितलं, आणि कार्यालय तळमजल्यावरचंच घ्यायचं, हे दोघी एकदमच बोलल्या. खाली कसं उतरायचं, हा विषय कोणीच काढला नाही.

राष्ट्रीय आकडाही याच पद्धतीने निघत असल्याने समाधानकारक आहे. हे वाचताना आपल्याला शेजारचं एखादं घर आठवलं असेल आणि स्वतःचं आठवलं नसेल, तर आपलीही नोंद बिनचूक झालेली आहे.