निळ्या उजेडातले खुशालराव

दर्यापूरचे भाजीपाला उत्पादक खुशालराव यांचे दुपारी बाजेवर पडल्या पडल्या निधन झाले. यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. घोळ एवढाच, की त्या वेळी त्यांचा भाचा कुलदीप त्यांना मोबाइलवर ‘तेजोमंडळाचे रक्षक’ ही अंतराळातली मालिका जबरदस्तीने दाखवत होता. त्यामुळे यमदूत बिचारे फाटकातूनच परत गेले आणि प्रकरण त्या मालिकेच्या मरणोत्तर प्रकाश विभागाकडे वर्ग झाले.

तिथल्या अधिकाऱ्याला तीन डोळे होते. समोरच्या माणसाकडे मात्र त्यातला एकही नव्हता.

“साहेब, मी दर्यापूरचा मानूस. माहं इथं काय काम?” खुशालरावांनी विचारले.

“मालिका चालू असताना मेलात म्हणजे आमची हद्द. आमच्याकडे सत्पुरुष मेला की देह हवेत विरतो आणि खाली नुसता झगा उरतो. मग तो निळ्या उजेडात परत जाऊन शिष्याला सल्ला देतो. तुमचा देह मागे राहिला. ही गंभीर अनियमितता आहे. झगा कुठे आहे?”

“झगा? मी बनेनवर होतो ना बापा!”

हा खुलासा विचाराधीन ठेवून त्यांना बाकावर बसवण्यात आले. शेजारी शिरस्त्राण घातलेला एक शिपाई पहिल्या सीझनपासून बसून होता. मालिकेत त्याच्यासारखे भागागणिक हजारो मरतात. त्यांना नाव नसते, म्हणून पुकारा होत नाही. तेवढ्यात अख्खा ग्रह जाळणारा खलनायक पाय आपटत आला आणि रांग सोडून थेट आत गेला. त्याला पुढच्या सीझनसाठी नवीन देह मंजूर होता. म्हणजे तिथेही तेच! घ्या आता.

असे करता करता दहावा उजाडला. विभागाच्या पडद्यावर दर्यापूरचा नदीकाठ दिसू लागला. पिंड मांडलेला, आणि कावळा बाभळीवर. शिवेल तर शपथ! शिवणार कसा? ज्याच्या नावाने शिवायचे, तो दुसऱ्याच आकाशगंगेत बाकावर बसलेला. मंडळी आपली मृताची राहिलेली इच्छा ओळखत होती. “नवी मोटर बसवतो!” “तुमच्या पोराचं, देवानंदचं, लगन करून देतो!” कावळा ढिम्म. तो शिवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचे नाही असा रिवाज. त्यामुळे खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई भर उन्हात उपाशी बसलेल्या. त्यात त्यांना शुगर. त्यांची मान कलंडू लागली, तसे खुशालराव ताडकन उठले.

“साहेब, माही बायको पडते ना तिथं! मले जाऊ द्या. जेव म्हनतो अन् वापस येतो.”

“शिष्य आहे का?”

“कुलदीपले टमाट्याच्या झाडाले काड्या बांधाले शिकवलं.”

अधिकाऱ्याने ‘काठीचे प्रशिक्षण दिले’ असा शेरा मारून उजेड मंजूर केला. अट अशी, की आवाज फक्त शिष्याला ऐकू येईल, आणि कशालाही हात न लावता नुसता सल्ला द्यायचा. असे मार्गदर्शक आपल्याकडे जिवंतपणीच भेटतात, पण ते असो.

खुशालराव नदीकाठी प्रकटले. मात्र मे महिन्यात दर्यापूरच्या भर दुपारी निळा उजेड कोणाला दिसतो?

“मामा, आवाज येऊन राहिला, पन दिसून नाही राहिले,” कुलदीप डोळे बारीक करून म्हणाला. “ब्राइटनेस वाढवा ना!”

“ब्राइटनेस गेला खड्ड्यात! मामीले इचार, जेवली का. जेव म्हन तिले.”

कुलदीपने निरोप सांगितला. सारा नदीकाठ हात जोडून उभा राहिला. जिवंतपणी खुशालरावांचे बोलणे कोणी कधी मनावर घेतले नव्हते; आता सगळ्यांच्या अंगावर काटा. गोदाबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

“थे तुहे मामा नोहेत,” त्या म्हणाल्या. “कोन्तं तरी भूत हाये. उभ्या जन्मात ‘जेवली का’ म्हनून इचारलं नाही त्यायनं मले.”

विभागाची सूचना तत्काळ आली: पत्नीने ओळख नाकारली आहे, सबब उजेड परत घेण्यात येत आहे. खुशालराव पायांकडून विझू लागले. घाबरून त्यांनी शपथा घेतल्या. शेवटी लाजत लाजत, तुझ्यावर माझे लय प्रेम होते, असेही कुलदीपकरवी सांगून पाहिले.

“पाह्यलं?” गोदाबाई म्हणाल्या. “आता तं पक्कंच झालं. प्रेम म्हनते!”

गुडघे गेले. कंबर गेली. बायको उपाशी मरणार या विचाराने खुशालरावांचा जीव, म्हणजे जे काही उरले होते ते, कासावीस झाला. एवढ्यात त्यांची नजर पिंडाच्या भातावर पडली आणि सवयीने तोंडातून निघून गेले, “अवं, ह्या भातात मीठ नाही.”

कुलदीपने चाचरत तेही सांगितले.

गोदाबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या ढसाढसा रडू लागल्या. “व माय! थेच हायेत! थेच हायेत!” कावळ्याची वाट न पाहता त्यांनी डबा ओढला, भाकर मोडली आणि रडत, घास चावत त्या खुशालरावांना झापू लागल्या. “पिंडाच्या भातात मीठ घालत नसतेत, येवढंयी समजत नाही का तुमाले?”

विभागाने प्रकरण निकाली काढले आणि नियमात दुरुस्ती केली: वऱ्हाडातील, व सोयीसाठी उर्वरित महाराष्ट्रातील, कोणत्याही नवऱ्याची ओळख यापुढे प्रेमाच्या शब्दांवरून ग्राह्य धरली जाणार नाही. तेव्हा वाचकहो, आज ताटावर बसलात की पहिल्या घासाला आपल्या तोंडून काय निघते, तेवढे जरा ऐका. घरचे तुम्हाला त्यावरूनच ओळखणार आहेत.